बाकावरचा गडी आणि छातीतलं पाणी

माझ्या आजाराची सुरुवात टाळ्यांनी झाली. खोटं नाही सांगत.

सुरतेत बमरोलीला मी ज्या लूमच्या कारखान्यात कामाला होतो तिथं कामावर देखरेख करणारे एक म्हातारे मास्तर होते. मशीनच्या रांगेतून येताना आधी त्यांचा खोकला यायचा, मग ते. तीन छोटे, एक लांब, आणि शेवटी घसा खाकरून शिक्का मारल्यासारखा एक. मी तो खोकला असा हुबेहूब काढायचो की कुणाच्या पाठीमागं उभा राहून काढला की समोरचा माणूस बिडी पायाखाली चिरडून मशीनकडे धावायचा. सगळ्या शेडमध्ये माझं नाव झालं होतं. नक्कल करणारा संज्या.

तर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खराखुरा खोकलो. डबे उघडून बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"वा संज्या! अजून एकदा, शेवटचा जरा लांबव!"

मी हातानं सांगतोय, थांबा रे, हा मास्तर नाही, हा मी आहे. तर ते जास्तच हसले. त्यांना वाटलं हात हलवणं हा नवीन माल आहे.

असं कितीतरी दिवस चाललं. मी खोकायचो, लोक खूश व्हायचे. घरी वैनी म्हणायची, "पुरे भाऊजी, बाळ उठेल." दादा म्हणायचा, "मास्तरला घरी कशाला आणतोस?" मलापण वाटायला लागलं की एकाच माणसाची नक्कल फार झाली, म्हणून खोकला अंगातच मुक्कामाला राहिला. दुसरी नक्कल धरू, जाईल.

फक्त आई हसली नाही. आम्ही धुळ्याकडचे, सुरतेत येऊन बरीच वर्षं झाली तरी आई घरात अहिराणीच बोलते. तिनं एका संध्याकाळी माझ्या मानेला हात लावला आणि दादाला म्हणाली, "हाई नाटक नही शे रे. पोर्‍याले ताप शे."

हे लिहितोय ते ज्यांच्या हातात आज छातीचा तो काळा फोटो आणि गोळ्यांची पिशवी आहे त्यांच्यासाठी. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगतो.

माझी थोर कारकीर्द

आजाराआधी मी काय होतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कबड्डीतला राखीव गडी होतो. सात जण मैदानात, बाकीचे बाकावर. मी बाकीच्यांतला.

पारोळ्याला शाळेत होतो तेव्हापासून हेच. तिथं सर म्हणायचे, "तू बस, तू बाहेरून चांगला ओरडतोस." सुरतेला आलो तेव्हा आधी नवागामच्या संघात शिरलो. तिथं अर्धी पोरं लग्नसराईत गावाला पळायची. मला वाटलं आता नंबर लागणार. पण पोरं गेल्यावर मॅचच रद्द व्हायच्या. मग बमरोलीच्या संघात गेलो. तिथं माझ्यापुढं तीन चढाईवाले, तिघं सख्खे भाऊ, आणि तिघांपैकी कुणाला कधी साधी सर्दी होत नव्हती. शेवटी भेस्तानच्या संघात. संघ बदलले, बनियनचा रंग बदलला, बाक तोच.

राखीव गड्याला काम नसतं असं समजू नका. सगळ्यांची घड्याळं मनगटावर चढवून बसायचं, चपला राखायच्या, पोटरीत गोळा आला की चोळायची. माझं एक जास्तीचं काम होतं, आवाज. बमरोलीत असताना समोरच्या कप्तानाच्या आवाजात मी बाकावरून ओरडलो, "सोड त्याला, सोड!" त्यांच्या पोरांनी आमचा चढाईवाला खरंच सोडला. पंचांनी मला मैदानाबाहेर काढलं. मैदानात कधी न गेलेला माणूस मैदानाबाहेर काढला गेला. असा मान फार थोड्यांना मिळतो.

भेस्तानचा कप्तान गजूदादा. वाशिमकडचा माणूस, बांधकामावर सेंटरिंगचं काम करायचा, मांड्या खांबासारख्या. त्यानं त्या वर्षी मला बोलावलं. पहिला चढाईवाला गावाला गेला होता, बापाचं घर बांधायला, आणि परत येणार नव्हता.

"संज्या, येत्या टायमाले पयला चढाईवाला तू," गजूदादा म्हणाला.

मी मागं वळून पाहिलं. मागं दुसरा संज्या नव्हता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिल्या सातात. आणि सरावाला गेलो तर दम पुरेना. कबड्डीत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं आणि एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत यायचं. श्वास तुटला की बाद. माझा निम्म्या वाटेतच तुटायचा. डाव्या कुशीत कुणी सुरी धरून बसल्यासारखं दुखायचं.

गजूदादा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काहून बे, दम कुठी सांडला?"

मी मास्तरचा खोकला काढला. नाही, काढला नाही, आला. सगळे हसले. गजूदादा हसला नाही. माझं बनियन वर करून फासळ्या पाहिल्या आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जाय. खेळ मंग."

फोटो

मोठ्या सरकारी दवाखान्यात दादा कामावर खाडा करून माझ्याबरोबर आला. डॉक्टर तरुण होते, आमच्याच वयाचे वाटावेत असे. फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. मला त्यातलं काय कळणार? पण एक बाजू काळी आणि दुसरी खालून अर्धी पांढरी, एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पानी भर गया है," डॉक्टर म्हणाले. "टी.बी. का है. ठीक हो जाएगा, पूरा ठीक. दवा पूरी लेनी पड़ेगी."

तो शब्द ऐकला आणि दादा खुर्चीवर बसला. खुर्ची डॉक्टरांची होती. डॉक्टर उभेच राहिले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

मी विचारलं, "सर, रविवार को मॅच है."

"कौन सा रविवार?"

"यही."

ते हसले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. त्यांना कळलं असणार की मी चेष्टा करत नव्हतो.

त्या दिवसाचं खरं सांगायचं तर मला मरणाची भीती नाही वाटली. मरण फार मोठी गोष्ट आहे, डोक्यात मावत नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्या जागेवर कुणीतरी दुसरा पोरगा लाल बनियन घालून उभा आहे, आणि हा बदली आता कायमचा. "सर, दम वापस आएगा?" मी विचारलं.

"देखते हैं," ते म्हणाले.

बरा होणार का याचं उत्तर 'पूरा ठीक'. दम येणार का याचं उत्तर 'देखते हैं'. मग पुढचे सगळे महिने मी या दुसऱ्या उत्तराच्याच मागं लागलो होतो.

सुई

मला भरती करून घेतलं. छातीतलं पाणी सुईनं काढतात. पाठीत टोचतात. आपण खाटेवर पुढं वाकून उशी कवटाळून बसायचं. मी सगळ्यांना सांगत होतो की काही नाही, मुंगी चावल्यासारखं. वाकून बसलो आणि उशी इतकी आवळली की तिची शिवण उसवली. मोठ्या सिस्टरनं माझं डोकं धरलं आणि गुजरातीत म्हणाली, "बोल, काईक बोल. चूप रहीश तो वधारे बीक लागशे."

गप्प राहिलास तर जास्त भीती वाटेल, म्हणून बोल. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलायला सांगितलं आणि तोंडातून शब्द निघाला नाही.

बाटलीत पाणी आलं. पिवळं, चहा फार पातळ झाला की होतो तसं. एवढं माझ्या आत होतं? मी विचारलं, "हे घेऊन मी कबड्डी खेळत होतो?" सिस्टर म्हणाली, "हा. अने उपरथी खांसीनी एक्टिंग." म्हणजे माझ्या खोकल्याची कीर्ती दादानं तिथपर्यंत पोचवली होती.

संध्याकाळी मी पडल्या पडल्या हळूच मास्तरचा आवाज काढून पाहिला. नाही निघाला. शाळेतले हेडमास्तर नाही, गजूदादा नाही, आमच्या गल्लीतला भंगारवाला तर नाहीच, त्याला फार लांब श्वास लागतो. सगळे आवाज गेले. उरला एकच, माझा, तोही पातळ. त्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून रडलो. शेजारच्या खाटेवरच्या छगनकाकांना कळलं, पण त्यांनी मोठ्यानं जांभई दिली आणि पलीकडे कूस वळवली. काही माणसांना सांत्वन करता येतं, काहींना कूस वळवता येते. दुसरी जात मला जास्त आवडते.

केशरी

छगनकाका मूळ सुरतेचे, 'स'चा 'ह' करणारे. 'सुरत'ला 'हुरत' म्हणायचे. त्यांच्याही छातीत पाणी, पण उजवीकडे. ते म्हणायचे आपण दोघं मिळून एक धड माणूस आहोत.

गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मोरीतून धावत बाहेर आलो. लघवी केशरी! झेंड्यासारखी केशरी. मला वाटलं संपलं, आतलं काहीतरी फुटलं. छगनकाका लोटा घेऊन दारातच उभे.

"हूं थयुं?" काय झालं?

मी सांगितलं. काका इतके हसले की त्यांनाच खोकला आला. "अरे गांडा, अहीं बधानुं केसरी ज छे!" इथं सगळ्यांचीच केशरी, वेड्या.

गोळ्यांनी होतं ते. मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगून ठेवतो. घाबरू नका. आपला वॉर्डच त्या रंगाचा असतो.

वॉर्डात सकाळी इंजेक्शन, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड, आणि मग फुगे. हो, फुगे. दबलेलं फुफ्फुस परत फुलावं म्हणून आम्हाला फुगे फुगवायला द्यायचे. जत्रेतले साधे फुगे, लाल, हिरवे. कल्पना करा, दाढीवाले, मिशीवाले, लूमवाले, गाडीवाले सगळे बाप्ये खाटेवर मांडी घालून गाल फुगवून बसलेत. पहिल्या दिवशी माझा फुगा लिंबाएवढा झाला आणि डोळ्यांपुढं काजवे. छगनकाकांचा पेरूएवढा. लगेच पैज. सकाळचं बिस्किट पणाला. काका जिंकत राहिले आणि माझी बिस्किटं खात राहिले. म्हातारा बिडी ओढून ओढून आत आलेला, तरी माझ्यापुढं! त्या रागानं मी जेवढा फुगवला तेवढा डॉक्टरांच्या सांगण्यानं फुगवला नसता.

आवाजही असेच एकेक करून परत आले. पहिला आला मोठ्या सिस्टरचा. भेटायची वेळ संपली की ती दारातून एकच हाक द्यायची, "चालो, बधा बहार!" आणि वॉर्ड रिकामा. एकदा मी पांघरुणात तोंड घालून तीच हाक दिली. वेळ संपायला बराच अवकाश होता. सगळे नातेवाईक पिशव्या उचलून निघाले. माझी आईसुद्धा! ती जिन्यापर्यंत पोचली होती.

सिस्टरनं मला चांगलं झाडलं. पण पुढच्या आठवड्यात तिचाच घसा बसला. संध्याकाळी माझ्या खाटेशी आली, इकडेतिकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "संजय, आज तू बोली दे ने."

मी पांघरूण बाजूला सारलं, नीट उठून बसलो आणि या वेळी परवानगीनं तिच्या आवाजात ओरडलो. वॉर्ड रिकामा. तिथंही मी बदलीच. पण त्या दिवशी पूर्ण वेळ खेळलो.

भांडी

गमती खूप झाल्या. आता घरातलं.

घरी परत आलो तेव्हा फळीवर माझी थाळी, पेला आणि तांब्या वेगळे ठेवलेले. वैनीनं ठेवले होते. खोली एकच, त्यात बाळ सहा-सात महिन्यांचं. मी समजलो. दादाला दिसलं तेव्हा तो भडकला.

"हा काय परका आहे का?"

"परके नाहीत हो. पण बाळाला झालं तर तुम्ही जबाबदार राहणार का?"

"डॉक्टरनं सांगितलं का वेगळं ठेवा म्हणून?"

"डॉक्टर आपल्या घरात राहतात का?"

आई मध्ये बसून तांदूळ निवडत होती, निवडलेलाच परत निवडत होती. मी वातावरण हलकं करायला दादाचा आवाज काढून म्हटलं, "हा काय परका आहे का?" कुणी हसलं नाही. दादानं थाळी उचलून आपटली, बाळ रडलं, वैनी रडली, आणि मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. बरं व्हायला आलेल्या माणसाला घर कधी कधी वॉर्डापेक्षा अवघड जातं. वॉर्डात सगळे सारखेच असतात.

दादानं पुढच्या वेळी वैनीलाच डॉक्टरांकडे नेलं. मी बाहेर बसलो. त्यांनी तिला समजावून सांगितलं की याच्या थुंकीत जंतू सापडले नाहीत, याच्यापासून बाळाला धोका नाही, गोळ्या चालू आहेत. फळीवरची थाळी तशीच राहिली. एकाएकी भीती जात नाही हो कुणाची. माझी गेली होती का?

मग एका सकाळी मी फुगा फुगवत बसलो होतो. बाळ फुग्याकडे टक लावून बघत होतं आणि खिदळत होतं. वैनीचे हात पिठात. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कोपरानं त्याला उचलून माझ्या मांडीत ठेवलं.

"धरा जरा भाऊजी. माझ्या भाकरी राहिल्यात."

एवढंच. थाळ्या कधी एक झाल्या ते मला आठवतसुद्धा नाही.

आईची पंचगिरी

दोन-तीन महिन्यांनी माणूस चांगला दिसायला लागतो. ताप नाही, भूक लागते, गाल भरतात. आणि गोळ्या मात्र नुसत्या बघितल्या तरी मळमळतं. इथंच लोक सोडतात. छगनकाकांनी सोडल्या होत्या पहिल्या वेळी, म्हणून तर ते दुसऱ्यांदा आत आले होते. फुग्याच्या पैजेत जिंकूनसुद्धा ते मला रोज एकच सांगायचे, माझ्यासारखा शहाणा होऊ नकोस.

सोडायची सोय माझ्यासाठी नव्हतीच. आई चहाच्या आधी गोळ्या घेऊन समोर उभी. तिला पक्की शंका की हा गिळायची पण नक्कल करेल.

"आं कर."

मी आं करायचो.

"जीभ वर कर."

करायचो.

"आते चहा पी."

दम वाढवायचं कामही तिनंच हातात घेतलं. झालं असं, मी भिंतीला टेकून हळू आवाजात 'कबड्डी कबड्डी' म्हणत होतो, कुठवर जातं बघायला. आई चुलीशी भाकरी थापत होती. श्वास तुटला तेव्हा ती म्हणाली, "अर्धी बी नही व्हयनी." अर्धी भाकरीसुद्धा थापून झाली नाही. तेव्हापासून माझं माप तेच. ती थापायला लागली की मी सुरू करायचो. अर्धी भाकर. पाऊण भाकर. ज्या दिवशी पूर्ण भाकर थापून तव्यावर पडली आणि माझं चालूच होतं, त्या दिवशी आईनं मागं न बघता नुसती मान हलवली. ती कडक पंच होती. कधी पातळ भाकर थापून मला सूट दिली नाही. उलट मला वाटतं, त्या दिवसांत आमच्याकडच्या भाकरी जरा मोठ्याच व्हायला लागल्या.

गजूदादा सगळी टीम घेऊन एकदा बघायला आला. केळी आणली होती, ती बोलता बोलता त्यांनीच संपवली. जाताना दारात थांबून म्हणाला, "नवीन पोरगा घेतला बे. बापू नाव. मस्त खेयते." मग माझ्याकडे न बघता, "सांगितलेलं बरं."

मी म्हटलं, "बरं केलंस." म्हटलं खरं. त्या दिवशी माझी पाऊण भाकरसुद्धा झाली नाही.

रिकामी चढाई

गोळ्या संपल्या. शेवटचा फोटो डॉक्टरांनी परत खिडकीला धरला. डावीकडे खाली कोपऱ्यात थोडा डाग उरलाय, राहू दे म्हणाले. मी विचारायच्या आधीच बोलले, "खेल सकते हो. सांस फूले तो रुक जाना."

फुलला तर थांबायचं. फुलतो की नाही हे बघायला मैदानातच जायला हवं. आणि मैदानात बापू होता.

बापूला पाहिलं आणि माझं मनातलं भांडणच मिटलं. पोरगं हरणासारखं. त्याची नक्कलसुद्धा करता येईना इतकं चपळ. गजूदादानं मला बनियन दिलं आणि म्हणाला, "तू बाकावर बस. तुले अनुभव हाये."

नवागामला स्पर्धा होती, रविवारची दुपार. मी घरी नुसतं सांगितलं की जाऊन बसतो. आई पदर खोचून उभी राहिली. "आते तू खेळाले जाशी?"

"नाही गं, बाकावर."

"मग मी बी येस." मीपण येते. सगळ्या आयुष्यात ती माझी मॅच बघायला कधी आली नव्हती. खरं म्हणजे बघण्यासारखं तोपर्यंत काही नव्हतंच. ती आमच्या बाकाच्या मागंच पोतं टाकून बसली. बाजूला नवागामचे एक काका होते, खेळातले जाणकार, प्रत्येक गोष्ट मोठ्यानं समजावून सांगणारे.

मॅच आम्ही जिंकलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष तिकडं राहायला नको. शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही थोडे पुढं होतो, आणि बापूच्या अंगठ्याचं नख उखडलं. रक्त. तो बाहेर आला, पट्टी बांधायला बसला. चढाईची पाळी आमची. गजूदादानं बाकाकडे पाहिलं. बाकावर आम्ही दोघं, मी आणि सतीश. सतीश ताकदीचा होता. आता तोच जाणार म्हणून मी त्याचं घड्याळ घ्यायला हात पुढं केला होता.

"संज्या, चाल."

मी उठलो. मनगटावरची सगळी घड्याळं काढून सतीशच्या मांडीवर ठेवली.

गजूदादा कानाशी आला. "पाइंट नको आनू. टाइम काढाचा हाये. जाय, निदानरेषा ओलांड, वापस ये. फक्त दम नको तोडू."

निदानरेषा म्हणजे समोरच्यांच्या अंगणातली ती आडवी रेघ, जी ओलांडल्याशिवाय परत आलात तर बाद. दम तुटला तर बाद. बाद झालो तर गुण त्यांना. गजूदादाला माहीत होतं तो काय मागतोय. सगळं सोडून नेमकं तेच मागत होता जे माझ्याकडे आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं.

मध्यरेषेवर वाकून मातीला हात लावला. श्वास भरला. डावीकडे खाली, डागाच्या तिथं, जरा ओढल्यासारखं झालं. कबड्डी कबड्डी कबड्डी.

समोर पाच जण हात धरून सरकत होते. मी डावीकडे गेलो, ते डावीकडे. उजवीकडे, तेही उजवीकडे. कुणाला शिवायचं नाही म्हटल्यावर खेळ किती साधा होतो! रेघ समोर. एक पाय पलीकडे, दुसराही पलीकडे. कोपऱ्यातला एक जण घोट्यावर झेपावला, मी पाय उचलला, त्याच्या बोटांचा वारा लागला. आता मागं. इथंच पूर्वी तुटायचा, बरोब्बर इथंच. मी वाट बघत होतो तुटायची. कबड्डी कबड्डी. पंच माझ्या तोंडाशी वाकून चालत होते, कान लावून. छाती आतून जळत होती, पण जळणं वेगळं आणि तुटणं वेगळं, हे मला पहिल्यांदा कळलं. रेघ. मध्यरेषा. पलीकडे पडलो तोवर तोंड चालूच होतं.

काही झालं नाही. म्हणजे शिट्टी नाही, गुण नाही, आरडाओरडा नाही. लोक बापूच्या अंगठ्याकडे बघत होते. गजूदादानं पाठीवर एक थाप मारली आणि समोरच्यांची चढाई आली म्हणून पुढं सरकला. बापू पट्टी बांधून लंगडत आत यायला तयार. पंचांनी मला बाहेर जायची खूण केली.

सगळ्या मैदानात एक बाई टाळ्या वाजवत होती. जोरात, थांबायचं नावच नाही.

जाणकार काका तिच्याकडे वळले. "मावशी, रिकामी चढाई होती ती. एकसुद्धा गुण नाही मिळाला."

"गुण राहू दे भाऊ," आई म्हणाली. "धाप लागनी का त्याले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या छातीकडे. मीपण तिथंच बघत होतो.

मग बाकाशी गेलो आणि सतीशला म्हटलं, "सरक जरा."